टॅलिनच्या बाजारात आक्का

इरा, निशांत,

परवा फोनवर इरा म्हणाली, "आजी, मी मैत्रिणींबरोबर चार दिवस टॅलिनला चाललेय. जुनं शहर, चित्रं, खरेदी, खाणं. एस्टोनियात आहे. तू नावसुद्धा ऐकलं नसशील." मी विषय बदलला. खरं म्हणजे त्या शहरात मी सहा दिवस राहिले आहे. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता. 'कामासाठी गेले होते' एवढंच मी त्याला सांगितलं होतं. इरा तिथे पोचण्याआधी तिला आक्का माहीत असाव्यात, म्हणून आज लिहायला बसले.

पळसदेवच्या आक्कांना हरवलेली माणसं सापडत. त्या पोलिसांत जात नसत, देवऋषाकडे तर नाहीच. इंदापूरच्या आठवडी बाजाराच्या तोंडाशी सकाळी उभ्या राहत आणि बाजार सुटेपर्यंत हलत नसत. म्हणत, "रुसलेलं असू द्या न्हायतर पळालेलं, खाल्ल्याबिगर ऱ्हातंय व्हय? कवातरी भाजीला येतंच." निरवांगीच्या एका मुलीचा नवरा घर सोडून गेला होता. तिसऱ्या बाजारी तो मिरच्या निवडताना सापडला. आक्कांनी त्याची पिशवी धरली. "जावईबापू, दोघांपुरत्या घ्या. ती बी जेवती." तो मुकाट्याने घरी आला.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर बारामतीच्या शाळेत माझा विद्यार्थी होता. वडील पाटबंधारे खात्यात होते, ते लवकर गेले. मुलगा हुशार होता, वहीच्या मागच्या पानांवर सुरेख चित्रं काढायचा. सोव्हिएत रशियात इंजिनिअरिंग शिकायच्या शिष्यवृत्तीची जाहिरात मीच त्याला दाखवली आणि अर्जही मीच भरून दिला. त्याला टॅलिन मिळालं. पुढे तो देश फुटला, टॅलिन वेगळ्या देशात गेलं आणि पत्रं विरळ झाली. शेवटच्या पत्रात एवढंच होतं: 'खोली बदलतोय, नवा पत्ता कळवतो.' त्यानंतर चार वर्षं काही नाही. आमची पत्रं परत येत.

आक्का दर महिन्याला पळसदेवहून एसटीने माझ्याकडे यायच्या. खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायच्या आणि उठताना म्हणायच्या, "बाई, तुमी धाडलाय, तुमीच चला." त्यात राग नसायचा. राग असता तर मी उत्तर दिलं असतं. शेवटी त्यांनी पाण्याकडचा जमिनीचा तुकडा विकला, मी रजा काढली आणि मॉस्कोमार्गे आम्ही दोघी टॅलिनला पोचलो.

मी कामाची यादी करून नेली होती. जुना पत्ता, कॉलेज, पोलीस, परदेशी लोकांची नोंदणी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादी संपली. पत्त्यावरच्या रस्त्याचं नावच बदललेलं होतं. घर सापडलं, पण तिथली बाई म्हणाली की भारतीय मुलगा केव्हाच गेला. कॉलेजच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढचा नव्या पत्त्याचा रकाना कोरा होता. बाकी दोन ठिकाणी माना हलवल्या. मी रस्त्यातल्या बाकावर बसले. पुढे काय करायचं ते मला कळेना.

आक्कांनी विचारलं, "हितला बाजार कंच्या वारी?"

मी चौकशी केली. बाजार रोजच भरत होता. आक्कांचा चेहरा पडला. "रोज? मग समदी एका दिशी कशी यायची?" मग पदर खोचत म्हणाल्या, "आता रोजच उभं ऱ्हायचं."

तेव्हापासून सकाळी उघडल्यापासून दुपारपर्यंत आक्का मंडईच्या दाराशी. नऊवारीवर माझा कोट, हातात सुधीरचा फोटो. समोर बटाटे विकणाऱ्या म्हातारीने पहिल्याच दिवशी त्यांना बसायला रिकामं खोकं दिलं. तिची मुलगी शाळेत शिकवायची, अधूनमधून आईच्या मदतीला यायची; तिला इंग्रजी येत होतं. तिच्याकडून कळलं की म्हातारीच्या भावाला तरुणपणी सोव्हिएत सैनिकांनी आगगाडीत घालून नेलं, तो परत आला नाही. आक्कांनी मला विचारायला लावलं, "अजून बघती का वाट?" म्हातारीने मान डोलावली. "बघा बाई, हिला कळतंय," आक्का मला म्हणाल्या. तो मला टोमणा होता.

दुपारी मी त्यांना ओढून जुन्या शहरात नेई. दगडी तट, लाल टोप्यांचे बुरूज, फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या. इरा, तुला ते आवडेल. आक्का प्रत्येक दुकानात शिरत, पण माल न बघता गिऱ्हाइकं बघत. खाणावळीत काळा पाव पुढे आला की एक घास चावून विचारत, "ह्याच्यावर कसं काढलं असंल त्यानं?" एकदा उकडलेल्या बटाट्यांवर हिरवं काही पेरलेलं होतं. त्यांनी चिमटीत धरून वास घेतला. "बाई, शेपू! शेपू हाय हितं! मग जगला असंल." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. तटाखाली बायका लोकरीचे हातमोजे विकत बसतात. तिथे त्यांनी पुरुषाच्या मापाचा एक जोड घेतला. "हात बापावानी मोठं हायत त्याचं," म्हणाल्या.

पाचव्या दिवशी आम्ही एका जुन्या चर्चमध्ये गेलो. तिथे आता चित्रं ठेवली आहेत. एक लांबलचक, काळपट चित्र आहे. पांढरी वस्त्रं गुंडाळलेले सापळे नाचताहेत आणि त्यांनी धर्मगुरूला, राजाला, राणीला हाताला धरून ओढलं आहे. "मरण कोणालाच सोडत नाही, असं दाखवलंय," मी सांगितलं. आक्का त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत दोनदा चालल्या, एकेका माणसावर बोट रोखत.

"ह्यात तरणं पोरगं न्हाय."

"नाही."

"मग माझा जित्ता हाय."

शेजारी इंग्रजीत पाटी होती. ती मी वाचली. मूळ चित्राचा हा थोडासाच भाग उरला आहे, बाकीचं हरवलं आहे. हरवलेल्या भागात तरुण होता, पाळण्यातलं मूलही होतं. मी आक्कांना काही सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी आमची गाडी होती. मी सामान घेऊन मंडईच्या दाराशी आले, तर आक्का खोक्यावरून उठेनात. "बाजार सुटूद्या." मी घड्याळ दाखवलं. "तुमी जावा. म्या ऱ्हाती." मी समजावलं, विनवलं. व्हिसा संपतोय म्हटलं. त्या फोटो धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिल्या. "त्यो हाय, बाई. चितरात कुटं व्हता त्यो?"

माझा तोल गेला. भर बाजारात मी ओरडले, "ते अर्धंच चित्र आहे आक्का! तरणी पोरं हरवलेल्या भागात आहेत! तिथे लिहिलं होतं!"

म्हातारीने बटाटे मोजायचे थांबवले. आक्का माझ्याकडे बघत होत्या.

"कवा वाचलं?"

"कालच."

"आन मला न्हाय सांगितलं."

त्या उठल्या. हातमोज्यांचा जोड त्यांनी म्हातारीच्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, आला की दे. मग मला म्हणाल्या, "हिला पत्ता लिहून द्या. माझा नगं. माझं गाव एकदा उजनीच्या धरणात बुडालंय. तुमचं घर हलायचं न्हाय, तुमचा द्या." मी लिहून दिला. आक्कांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. म्हातारीनेही हात जोडले.

गाडीत त्या एवढंच बोलल्या, "हितनं फुडं समदं वाचायचं. गाळायचं न्हाय."

पुढच्या जानेवारीत कार्ड आलं. म्हातारीच्या मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं: 'तो दिसला नाही. आई बघते आहे.' आक्का आल्या, मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग दर वर्षी कार्ड येऊ लागलं, आणि दर वर्षी तेच. एका वर्षी पुढे आणखी एक ओळ होती: 'आईला आता नीट दिसत नाही. शनिवारी मी उभी राहते.' तीही मी वाचली. "एकच दीस," आक्का म्हणाल्या. "शनवारी न्हाई आला तर?"

बारामतीच्या दवाखान्यात आक्का गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. त्या वर्षीचं कार्ड अजून आलेलं नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं. 'आलं' म्हणावं असं फार वाटलं, पण मी म्हणाले नाही.

सुधीरचा शोध लागलेला नाही. अर्ज मी भरला होता, हे मी तुमच्या बाबाला कधी सांगितलं नाही. हे घर विकून तुमच्याकडे ये, असं तो दर दिवाळीला म्हणतो आणि मी गुडघ्यांचं कारण पुढे करते. फाटकाला पत्र्याची टपालपेटी आहे. तिच्यावर माझ्या नावाखाली सुधीरचं नाव रंगवलेलं आहे. ह्या जानेवारीतही कार्ड आलं.