केस वर गेली

हे लिहावं की नाही, यात माझे पुष्कळ दिवस गेले. मी कॉलेजात शिकतो, पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कायद्यावर बोलायचा मला अधिकार नाही, आणि ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या नात्यागोत्याचाही नाही. म्हणून आधीच माफी मागतो. काही चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

गोव्यात हळर्णच्या अलीकडे आमचं घर. मागच्या परड्यात विहीर खणायला बाबांनी बेळगावकडचा एक माणूस आणला होता. आमच्याकडे सुताराला, गवंड्याला मेस्त म्हणतात, तसा तोही आमचा मेस्त झाला. वरचा तांबडा चिरा सरळ निघाला. खाली काळा दगड लागला, तेव्हा सुरुंग लावायची वेळ आली. मेस्त दगडातल्या भोकात जिलेटिनच्या कांड्या ठासायचा, वर जुने टायर आणि वाळूची पोती टाकायचा आणि भर दुपारी ओरडायचा, “बार हाय! सरका!” आई कोंबड्या आत घ्यायची. शेजारची काकी कुंपणापलीकडून म्हणायची, “मेस्ता, माझी कौलां फुटली तर तुझ्या बायलेक सांगतलंय हां!”

“सांगा की ओ काकी. तिच्या माराला मी भीत न्हाई, तुमच्या आवाजाला भितोय.”

कांड्या खडीच्या खाणीवरच्या ओळखीतून यायच्या. एका विहिरीच्या उरल्या की दुसरीला जायच्या. त्यांना परवाना लागतो, हे आमच्या वाड्यावर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मेस्ताच्याही नाही.

कारापूरला त्याचं दुसरं काम होतं. एका सकाळी आईने न्याहारीला दिलेले उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, आणि उरलेल्या कांड्या एकाच पिशवीत घालून तो मोटारसायकलवर निघाला. त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात परदेशी पाहुण्यांची मोठी बैठक होती, म्हणून रस्त्यारस्त्यावर तपासणी चालली होती. नाक्यावर पोलिसांनी पिशवी उघडली.

अशा वेळी काय करायचं, हे आमच्याकडे ठरलेलं असतं. गावच्या पंचाला घ्यायचं, ठाण्यावर जायचं, साहेबांची बोलणी खायची, नाहीच जमलं तर आमदाराला फोन लावायचा. ही रीत चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यात आपला माणूस कुठे आहे, एवढं तरी कळतं.

बाबा, पंच आणि मी गेलो. साहेब रागावले, पण माणसासारखे बोलले. “परवाना नाही, गुन्हा तर नोंदवावाच लागेल. उद्या कोर्टात उभा करतो, तुम्ही जामीन द्या.” मेस्त आतून आम्हाला म्हणाला, “वैनीला सांगा, दगड ओला झालाय, पाणी जवळ आलंय. पण कुणी आत उतरू नका. मी आलो की बघतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही जामिनाच्या तयारीने गेलो, तर कोठडीत कुणी नव्हतं. हवालदार बाबांच्या ओळखीचा होता. तो खाली बघत म्हणाला, “केस वर गेली.”

“वयर म्हणजे खंय? पणजेक?” बाबांनी विचारलं.

“दिल्लीचे लोक घेऊन गेले. दुसरा कायदा लागला. आता आमच्या हातात काही नाही, बाबा.”

पंचाने तिथूनच आमदाराला फोन लावला. आमदार म्हणाले ते फोनबाहेर ऐकू आलं, “अरे, ते मला विचारीत नाहीत, मी त्यांना काय विचारू?” पंचाने फोन खिशात घातला आणि आम्ही तिघेही उगाच ठाण्याच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. कुठल्या दिशेला जायचं, हेच कळेना.

त्याच वर्षी परीक्षेत संघराज्यावर प्रश्न होता. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, असं मी लिहिलं आणि मला पूर्ण गुण मिळाले. नंतर मी भीतभीत सरांना विचारलं, मग आमच्या ठाण्यातला माणूस राज्याला न विचारता कसा नेला? सर म्हणाले, “काही कायद्यांतले गुन्हे केंद्र स्वतःहून घेऊ शकतं. प्रत्येक दुरुस्तीत त्यांची यादी वाढते.” मग म्हणाले, “परीक्षेत मात्र तेच लिही.”

काही दिवसांनी दोन अधिकारी घरी आले. त्यांनी विहिरीचे फोटो काढले. मेस्ताच्या फोनमध्ये बाबांचा नंबर पुन्हा पुन्हा का आहे, असं हिंदीत विचारलं. बाबांचं हिंदी ते काय! “साब, वो पानी के वास्ते फोन करता. आज कितना खोदा, पूछने को.” अधिकारी हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते गेल्यावर बाबांनी फोनमधला मेस्ताचा नंबर काढून टाकला. मी ते पाहिलं. मलाही भीती वाटत होती.

मेस्ताची बायको बसने आली. आईने दिलेला चहाचा कोप तिने हातात धरून ठेवला, प्यायलाच नाही. मला म्हणाली, “तुमी शिकल्यात. हे कधी सुटतील ते सांगा.”

मी लायब्ररीत बसून तो दहशतवादाविरुद्धचा कायदा वाचला होता. बाँब फुटतात, निरपराध माणसं मरतात. असा कायदा कशाला हवा, असं मी म्हणू शकत नाही. पण आरोप नुसता वरवर खरा दिसला तरी जामीन मिळत नाही, आणि आरोपपत्राची मुदतही लांबवता येते, हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती उंड्यांची पिशवी येत होती. तिला मी जमेल तसं सांगितलं.

“म्हंजे गुन्हा केलाय म्हणून सिद्ध व्हायच्या आधीच आत ठेवायचं?”

“होय.”

“मग ते सिद्ध कशाला करतील ओ?” ती म्हणाली.

मी तिचा गार झालेला कोप आत नेऊन ठेवला.

विहीर तशीच राहिली. बाबांनी दुसरे खणणारे बोलावले. कडेला येऊन, आत डोकावून ते परत गेले. हे अर्धं राहिलेलं काम कुणाचं, ते सगळ्यांना कळलेलं होतं. तळाशी त्याची पहार दगडाला टेकून उभी होती. पुढे पाणी झिरपलं आणि ती अर्धी बुडाली. काकी कुंपणापाशी येईनाशी झाली. आली तरी आमच्याशी हळू आवाजात बोलायची, जणू खाली कुणी ऐकत बसलंय. आई मात्र दुपार झाली की अजून कोंबड्या आत घेते. मी कधी विचारलं नाही. माझेही कान त्या वेळेला आपोआप टवकारतात, आणि न आलेल्या आवाजानंतरची शांतता फार मोठी वाटते.

अधूनमधून मी त्याच्या बायकोला फोन करायचो. कधी ती म्हणायची, तारीख पडली. कधी म्हणायची, दुसऱ्या तुरुंगात हलवलं, भेट झाली नाही. मग मी पुढचा फोन लांबणीवर टाकायचो. दोन पावसाळे असे गेले.

परवा तिचाच फोन आला. कोर्टाने मेस्तावरचा तो मोठा कायदा काढून टाकला. कट नाही, कुणाशी संबंध नाही. उरला तो परवान्याचा गुन्हा. तो खटला आता आमच्याच तालुक्यात परत आलाय. मेस्ताला जामीन मिळून आठवडा झाला होता.

“घरी आल्यात?” मी विचारलं.

“आल्यात. हितंच बसल्यात, दारात.”

“जरा द्या ना फोन त्यांच्याकडे.”

तिने फोन बाजूला धरून काहीतरी विचारलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आतलं दार लागल्याचा.

“राग मानू नका,” ती म्हणाली. “फोनवर बोलत न्हाईत ते आता. कुणासंगंच.”