सासूचा ओटा, सुनेचा ओटा

निरगुडसरच्या घरात आम्हाला फक्त स्वयंपाकघर नवं करायचं होतं. हाताशी असलेल्या पैशांत ओटा, फरशी आणि एक मोठी खिडकी बसत होती. वडिलांना मात्र तारेच्या फाटकाच्या जागी लोखंडी गेट हवं होतं. "रस्त्यानं जाणारा माणूस आत येऊन ओटा बघतो का? गेट बघतो!" पैसे उरले तर गेट करू, असं सांगून मी विषय मिटवला.

लोणीचा गवंडी माप घ्यायला आला. टेप काढून म्हणाला, "ओट्याची उंची किती धरू?"

तिथंच घोडं अडलं. माझी बायको चांगली उंच. आईचं डोकं जेमतेम तिच्या खांद्याला लागतं.

"जुना व्हता तेवढाच ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली.

"आई, त्या ओट्यावर वाकून वाकून माझी कंबर गेली."

"आन् उंच केल्यावर मी काय शिडी लावून पीठ मळू?"

गवंड्यानं दोघींना अंगणात उभं केलं. "म्होरं परात हाय असं समजा, आन् मळा पीठ."

दोघी गंभीर चेहऱ्यानं हवेत पीठ मळू लागल्या. गवंडी कधी हिच्या मनगटाला टेप लावी, कधी तिच्या. डेअरीत दूध घालून परतणाऱ्या बायका फाटकाशी थांबल्या. "योगा चाललाय व्हय?" एकीनं विचारलं. काय चाललंय ते कळल्यावर त्याही सल्ले देऊ लागल्या, आणि नुसतं तोंडानं सांगून भागेना म्हणून किटल्या खाली ठेवून स्वतःही मळू लागल्या. प्रत्येकीची उंची वेगळी. तेवढ्यात वडील शेतातून आले आणि जागच्या जागी थबकले. "समद्यांच्या अंगात आलंय का काय?"

गवंड्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, दोन वटे करा. एक आजींचा, एक वहिनींचा. खर्च वाढंल, पण घर शांत ऱ्हाईल."

मी मान डोलावली. ग्रॅनाईट वाढलं, मजुरी वाढली, आणि गेट गेलं. काम संपेपर्यंत वडील गवंड्याशी बोलले नाहीत. "त्याला च्या पायजे का इचार," हेसुद्धा मला सांगायचे, तो शेजारीच उभा असताना.

ओटे झाले. आठवडाभरातच बायको आईच्या बुटक्या ओट्यावर पीठ मळताना दिसली. वरून जोर चांगला बसतो म्हणे. आणि आई पाटावर उभी राहून उंच ओट्यावर भाजी चिरत होती, कारण नवी खिडकी तिथं होती आणि तिच्यातून रस्त्यावरचं सगळं येणंजाणं दिसत होतं.

"मग दोन कशाला केले?" मी न राहवून विचारलं.

"तुला सैपाकातलं काय कळतंय?" आई खिडकीतून नजर न काढता म्हणाली.

"तेच तर," पीठ मळता मळता बायको म्हणाली.

मी गुपचूप बाहेर वडिलांशेजारी जाऊन बसलो.