गुलाबी पिल्लाची झोप

लेकीने विद्यानगरच्या बाजारातून हट्टाने आणलेली कोंबडीची दोन रंगवलेली पिल्लं. हिरवं दिवसभर ओरडतं. गुलाबी मात्र गेले दोन दिवस माझ्या तळहातावर पिसं फुगवून, डोळे मिटून बसायचं. बाल्कनीत कोवळं ऊन, हातात ते उबदार कापसाचं ओझं. मलाही डुलकी लागायची. वाटायचं, याला माझा लळा लागलाय.

आज सकाळी खोक्यातल्या पेपरवर लाल डाग दिसले.

"आई, त्याचा रंग जातोय," लेक म्हणाली. मला पटलंसुद्धा. मग ते माझ्यासमोरच शिटलं, आणि त्यात लाल होतं. रंग काय पोटातून येतो?

ऑटो करून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी पेपर बघितला, मग पिल्लू. "ये सो नई रा मॅडम, बीमार है," ते इकडच्या दखनी हिंदीत म्हणाले. झोपत नाहीये, आजारी आहे. आतड्याचा आजार, रक्ती हगवण. ओल्या, घाण जागेत पसरते. म्हणून औषध दोघांच्याही पाण्यात, खोकी वेगळी, आणि खाली रोज कोरडा भुसा.

आत्ता संध्याकाळी गुलाबीने डोळे उघडले. मी हात पुढे केला, तर बोटाला चोच मारून ते हिरव्याच्या आवाजाकडे वळलं. अजून धोका टळलेला नाही, पण ती चोच लागली तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तुमच्या घरात कोणी अचानक फार शांत, फार गुणी झालंय का? एकदा नीट बघता?