ते प्रश्नचिन्ह मी खोडलं होतं

मागच्या रविवारी मी जी पोस्ट टाकली होती, तिच्यात एक गोष्ट खोटी आहे. आधी ती दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं, 'तपासणाऱ्या बाईंकडून राहून गेलं.' त्यांच्याकडून काहीही राहिलं नव्हतं... जे झालं ते माझ्या हातून झालं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे बडोद्यात आमचं एक छोटं ऑफिस आहे. अमेरिकेतल्या सभा-सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून आम्ही ती शब्दशः टाइप करतो. मी टाइप करते, फाल्गुनीबेन तपासतात. आवाज नक्की कुणाचा ते कळलं नाही, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं, अंदाज करायचा नाही... हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

त्या आठवड्यात एका अमेरिकन खासदाराची चौकशी होती. जन्मभर स्वच्छ कारभारावर भाषणं दिलेला माणूस. आरोप असा, की एका कंत्राटदाराने त्याचं सुट्टीचं घर फुकटात दुरुस्त करून दिलं आणि ते त्याने सरकारी फॉर्मवर लिहिलं नाही. त्याचं उत्तर होतं, फॉर्म ऑफिसातल्या मुलीने भरला, तिच्याकडून राहिलं असेल.

टीव्हीवर लोक चेहरे बघतात, आम्ही फक्त ऐकतो. चौकशी समितीतल्या प्रत्येक सदस्याला पाच मिनिटं मिळतात. त्याला खडसावून झालं की खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बुटांचा, मग दाराचा... उत्तर ऐकायलाही थांबत नाहीत. घरी केबलवर हेच चाललेलं बघून आत्या म्हणाली होती, "पाचातली साडेचार मिनिटं हाच बोलतोय. प्रश्न कधी विचारणार?"

या सगळ्यावर मी बरंच तिखट लिहिलं आणि तुम्हाला ते आवडलं. शेवटी सहज म्हणून जोडलं, की याच फाइलमध्ये आमच्याकडूनही एक वाक्य भलत्याच्या नावावर गेलं आणि तिकडून तक्रार आली... तपासणाऱ्या बाईंकडून राहून गेलं.

खरं असं झालं. सगळे एकदम बोलत असताना मध्येच एक वाक्य येतं, "हो, मला माहीत होतं." खासदाराचं की शेजारी बसलेल्या त्याच्या सचिवाचं, सांगता येत नाही. मी खासदाराचं नाव टाकलं. फाल्गुनीबेननी ते काढून प्रश्नचिन्ह केलं.

तपासलेली फाइल पुन्हा टायपिस्टकडे येते, ती फक्त समास आणि ओळी नीट करून पाठवण्यासाठी. शब्दाला हात लावायचा नाही. मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि परत त्याचं नाव घातलं.

कारण मला खात्री होती... आवाजाची नव्हे, माणसाची. असल्या माणसाला माहीत असणारच. त्याने कबूल करावं असं मला फार वाटत होतं, म्हणून मीच त्याच्या तोंडी कबुली घातली. वाक्य सचिवाचं निघालं.

तक्रार आली तेव्हा फाइलच्या तपासणी-स्लिपवर सही फाल्गुनीबेनची होती. साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून विचारलं. मी गप्प राहिले.

बाहेर आल्यावर त्याच मला म्हणाल्या, "तू टेन्शन ना ले, बेटा. माराथी ज रही गयुं हशे." त्यांच्याकडूनच राहिलं असेल म्हणे, कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. दिवसाला इतकी प्रश्नचिन्हं टाकतात की हे टाकल्याचं त्यांना आठवतसुद्धा नाही.

ऑफिस सुरू झालं तेव्हापासून त्या तपासणीवर आहेत. मला ऐकायला त्यांनीच शिकवलं. या आठवड्यात त्यांनी स्वतःहून साहेबांना सांगितलं की आता तपासणी नको, साधं टायपिंग द्या. मंगळवारपासून त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसणार आहे.

चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आत्यानेच घरी शिकवलं. अजूनही काही लिहिलं की तिला दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ती पोस्ट मात्र दाखवायची राहिली होती, ती काल तिने स्क्रीनला नाक लावून वाचली.

"बाईंचं नाव नाही घातलंस ते बरं केलंस."

"मुद्दामच नाही घातलं."

"ऑफिसात तपासणाऱ्या बाया किती तुमच्या?"

"एकच."

"मग घातल्यासारखंच की," म्हणाली आणि पापडी निवडायला बसली.

तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. मला मात्र ती फॉर्म भरणारी मुलगी आठवली... पूर्ण सुनावणीत तिचं नाव कुणी घेतलं नाही, ना त्याने, ना त्याला खडसावणाऱ्यांनी. तीही कुठल्या तरी टेबलाशी बसून ऐकत असेल, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. मी त्या माणसावर हसत होते आणि त्याचंच वाक्य उचलून फाल्गुनीबेनवर टाकलं होतं.

त्यांचं प्रश्नचिन्ह असलेली तपासलेली प्रत अजून माझ्या मशीनवर आहे. ती दोनदा पुसायला घेतली होती, हेही सांगून टाकते. पुसली नाही. नियम मोडलाय, तेव्हा नोकरी जाऊ शकते... आईबाबांना आज जेवताना सांगितलं. बाबांनी आधी जेवण संपवलं. मग म्हणाले, "उद्या स्कूटरवर सोडतो."

फाल्गुनीबेन मराठी वाचत नाहीत. त्यामुळे इथे लिहून माझं काम झालेलं नाही. कृपा करून खाली 'किती प्रामाणिक' वगैरे लिहू नका... अजून मी काहीच केलेलं नाही. ऑफिस दहाला उघडतं, त्या पावणेदहालाच येऊन बसतात. आधी त्यांना सांगेन, मग आम्ही दोघी साहेबांकडे जाऊ. उद्या, सोमवारी.