दोन शेगड्यांचं घर

कोटाला पडलेलं भोक त्या असं बुजवत की कोट घालणाऱ्यालाही ते पुन्हा सापडत नसे. म्हणून सगळी गल्ली त्यांना रफूबाई म्हणायची. पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्या लग्न होऊन आल्या आणि नवरा गेल्यावरही तिथेच खिडकीशी बसून सुई चालवत राहिल्या.

पुढे धाकटी नणंदही विधवा झाली आणि बॅग घेऊन दारात उभी राहिली. रफूबाईंनी तिला आत घेतलं, पण दोघींचं काही जमेना. एकदा भाजीतल्या मिठावरून असं वाजलं की नणंदेने वेगळी शेगडी आणून आतल्या खोलीत मांडली. तेव्हापासून स्वयंपाक वेगळा. बोलणं चालू होतं, पण टोमण्यांतच.

घरमालकाला खोल्या रिकाम्या हव्या होत्या. भाडं वेळेवर येत होतं, खोल्याही नीट होत्या, त्यामुळे बाईंना बाहेर काढायला कायद्याचा आधार मिळत नव्हता. एके दिवशी गळका नळ बघायला तो आत आला आणि त्याला ती दुसरी शेगडी दिसली. त्याने लगेच दावा ठोकला: बाईंनी परस्पर पोटभाडेकरू ठेवली आहे.

रफूबाईंच्या वकीलबाईंनी समजावलं की पोटभाडेकरू ठेवली असेल तर घर जाऊ शकतं. नणंद घरचं माणूस, तिचं राहणं त्यात मोडत नाही. पण ती घरचीच आहे हे न्यायाधीशांना पटायला हवं.

त्या दिवसापासून रफूबाईंचं कामात लक्ष लागेना. जिन्यावर पाऊल वाजलं की सुई बोटात जायची. काळ्या कोटाला त्यांनी करडा दोरा घातला आणि गिऱ्हाइकाने तो कोट परत आणून दिला.

नणंद कपडे भरायला लागली. "मी गेले की प्रश्नच मिटला, वहिनी."

"तुम्ही गेलात तर भाडेकरू पळाली म्हणतील. बसा खाली."

शेजारणीने शेगडी गुपचूप देऊन टाकायचा सल्ला दिला. नणंदेने ती उचललीसुद्धा. रफूबाईंनी तिला दारातच अडवलं. खोटं बोलायला लागलं तर आपली जीभ तिथेच अडखळेल, हे त्यांना माहीत होतं.

सुनावणीत न्यायाधीशांनी नेमकं शेगडीबद्दलच विचारलं. एका घरातल्या, मग स्वयंपाक वेगळा का?

रफूबाईंनी सरळ सांगून टाकलं. "भांडलो म्हणून, साहेब. मिठावरून."

"मिठावरून नाही, तिखटावरून," मागून नणंद म्हणाली.

रफूबाई वळल्या. न्यायालयात आहोत हे विसरून त्यांनी त्या दिवशीची भाजी कोणी बिघडवली ते सांगितलं. नणंदेनेही हार मानली नाही. न्यायाधीशांनी दोघींना जरा वेळ बोलू दिलं, मग हात वर केला.

दावा फेटाळला गेला. नणंद एक पैसा देत नव्हती, तिच्या खोलीला वेगळं कुलूप नव्हतं, आणि असं भांडण घरच्यांशीच होतं, असं न्यायाधीशांनी नोंदवलं.

बाहेर आल्यावर मालक शांतपणे म्हणाला, "मुलाचं लग्न करायचंय. आता खोल्या मलाच लागतील."

वकीलबाईंनी मान डोलावली. स्वतःची गरज हेही कायद्यात कारण होतं. फक्त ती खरी आहे हे त्याला सिद्ध करावं लागणार होतं.

तेव्हापासून मालकाचा मुलगा रस्त्यात कुठल्याही मुलीशी बोलताना दिसला, की दोघी खिडकीशी थबकतात.

"हीच असेल का हो, वहिनी?" नणंद हळूच विचारते.

रफूबाई सुई कापडातच टोचून ठेवतात. मुलगी दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहतात.