दगडी पुलावरची दुसरी परीक्षा

उल्का पाटणकर ही बाई प्रश्न कोरा सोडणाऱ्यांतली नव्हती. पुण्यातल्या एका शाळेत तिनं नऊ वर्षं इतिहास शिकवला आणि दर मार्चमध्ये मुलांना एकच गोष्ट बजावली: येत नसलं तरी काहीतरी लिहा, तपासणाऱ्याला दोन ओळी दिसल्या पाहिजेत. मुलं तिचं ऐकायची आणि पासही व्हायची. हाच मंत्र घेऊन ती नवऱ्याबरोबर जर्मनीत आली आणि अकरा वर्षांनी त्याच मंत्रानं तिला तोंडघशी पाडलं.

नवरा सिद्धेश रेगेन्सबुर्गमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. मुलगी ईप्सिता तेरा वर्षांची. आईनं मराठीत विचारायचं, हिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं आणि वर आईच्या जर्मन व्याकरणाच्या चुका काढायच्या, असा घरातला रिवाज. उल्काची बी.एड. इथे मान्य करून घ्यायची तर ढीगभर कागद, भाषेची वरची परीक्षा आणि पुन्हा दोन वर्षं कॉलेज. तिनं ती फाइल तीनदा उघडली आणि तीनदा मिटून ठेवली. मधली वर्षं डबे करण्यात, बेकरीतल्या अर्धवेळ नोकरीत आणि न्युरेम्बर्गच्या मंडळाच्या गणपतीत निघून गेली. बेकरीत उल्का छान रमलीये, असं सगळे म्हणायचे. ती स्वतः असं कधी म्हणाली नाही. चार माणसांसमोर उभं राहून 'बरं का' म्हणत एखादी गोष्ट रंगवून सांगायची तिची भूक काही मेली नव्हती.

म्हणूनच गावातल्या गाइड-संघटनेची जाहिरात दिसली तेव्हा तिनं कुणाला न विचारता नाव नोंदवलं. जुन्या शहरातून पाहुण्यांना पायी फिरवून आणायचं, त्याचा वर्षभराचा कोर्स, आणि शेवटी परीक्षकांना घेऊन खरीखुरी फेरी. परीक्षा दोनदाच देता येते. दुसऱ्यांदा नापास झालात की विषय संपला.

उल्कानं काय करावं? चाळीस पानं जर्मनमध्ये लिहून काढली आणि चक्क पाठ केली. भाजी चिरताना, बेकरीत पाव रचताना, आंघोळ करताना तिची घोकंपट्टी चालू. ईप्सिता वैतागून दार लावून घ्यायची. पहिल्या परीक्षेला उल्का निघाली ती सुटलीच. मनोरे झाले, रोमन वेस झाली, कॅथीड्रल झालं. डोनाऊ नदीवरच्या दगडी पुलावर ती पोचली आणि फ्राऊ हिर्मर नावाच्या परीक्षक बाईंनी मध्येच विचारलं, हा पूल बांधला कुणी?

हे चाळीस पानांत नव्हतं. पण उल्का गप्प कशी बसणार? तिनं क्षणाचाही विलंब न लावता एका माइस्टर कोनराडचं, म्हणजे उस्ताद गवंड्याचं, नाव ठोकून दिलं, त्याला बव्हेरियाच्या कुठल्याशा खेड्यात जन्माला घातलं आणि म्हातारपणी थोडा आंधळाही केला. बरोबरची दोन माणसं हळहळली. फ्राऊ हिर्मरनी वहीत काहीतरी लिहिलं.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. पूल बांधणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्या म्हणाल्या. तुम्ही लोकांना खोटं सांगितलंत आणि फार छान सांगितलंत, म्हणून जास्त वाईट. आणि एवढ्या दीड तासात तुम्ही एकदाही मान वर करून काही पाहिलं नाहीत. उल्का घरी आली आणि तिनं सिद्धेशला सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली आहे. खोटं बोलायची तिला सवयच लागली होती म्हणा ना.

मे महिन्यात सांगलीहून तिचे सासरे आले. मोहनराव पाटणकर. एका कंत्राटदाराकडे चौतीस वर्षं साइट सुपरवायझर. ओढ्यांवरचे छोटे पूल, मोऱ्या, बंधारे, हीच त्यांची दुनिया. बायको गेल्यापासून ते फारच कमी बोलत. सिद्धेश ऑफिसात, ईप्सिता शाळेत, आणि दिवसभर घरात ही दोघंच. चार दिवस उल्कानं त्यांना वरणभात वाढला, पाचव्या दिवशी म्हणाली, "बाबा, चला. तुम्ही टुरिस्ट व्हा, मी गाइड होते."

मोहनरावांनी टोपी घातली आणि निघाले.

आता रेगेन्सबुर्ग हे गाव कसं आहे ते सांगायला हवं. इथले लोक आपल्या गावाला इटलीतलं सगळ्यात उत्तरेकडचं शहर म्हणतात, आणि ते काही उगीच नाही. आठशे वर्षांपूर्वी इथले व्यापारी आल्प्स ओलांडून व्हेनिसला जात, आणि तिकडे पाहिलेले उंच मनोरे इकडे येऊन आपापल्या घरांना बांधत. मनोऱ्यात राहायला कुणी जात नसे. शेजाऱ्यापेक्षा आपला मनोरा चार हात उंच, एवढंच त्याचं काम. गल्ल्या अशा अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ मागावं. त्या गल्लीतून चालताना एकदम डोक्यावर नऊ मजले उभे राहतात आणि आभाळ चिंचोळं होऊन जातं.

उल्कानं पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. मराठीत ते तिला जमेना. जर्मनमधलं पाठांतर मराठीत आणताना एकेक शब्द शोधावा लागत होता, आणि शोधायला तिला मनोऱ्याकडेच पाहावं लागलं. मोहनराव तर कधीचे वर बघत होते. बघता बघता त्यांची टोपी मागे पडली. ती उचलायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"हे सगळं परात-घमेल्यांनी वर नेलंय ना गं?" ते म्हणाले.

रोमन वेशीपाशी तर त्यांनी देवळात शिरताना काढावेत तसे बूट काढले. जवळजवळ साडेअठराशे वर्षांचे ते दगड, एकेक पेटाऱ्याएवढा, एका नंतरच्या इमारतीच्या भिंतीत अर्धे बुडालेले. मोहनरावांनी सांध्यावरून नख फिरवलं. नख आत जाईना. सांध्यात चुना दिसत नव्हता, नुसता दगडावर दगड. येणारेजाणारे या मोजे घातलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. एरवी उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्या दिवशी तिनंही वाकून सांध्यावर नख लावून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. या दगडासमोरून ती अकरा वर्षं भाजीच्या पिशव्या घेऊन गेली होती.

पुलावर मोहनराव थांबले नाहीत. जिन्यानं खाली नदीतल्या बेटावर उतरले, गवतातून थेट पाण्याच्या कडेला गेले आणि पुलाकडे तोंड करून उभे राहिले. कमानीमागून कमान नदी ओलांडत गेलेली. खांबांना आपटून पाणी फुटत होतं, खालच्या अंगाला मोठमोठे भोवरे फिरत होते आणि त्यांचा आवाज असा की जवळ उभं राहूनही मोठ्यानं बोलावं लागावं. नऊशे वर्षं हे पाणी असंच आपटतंय, हा विचार उल्काला पहिल्यांदाच शिवला आणि ती बोलायची थांबली.

"या दोन कमानी सारख्या नाहीत," मोहनराव म्हणाले. "ती बघ, पलीकडची लहान आहे."

उल्कानं पाहिलं. खरंच सारख्या नव्हत्या. मग तिनं त्यांना सांगितलं की काम सुरू झालं त्या वर्षी असा उन्हाळा पडला म्हणे की नदी आटली आणि त्या संधीत पाया घातला. मोहनरावांची मान हलायला लागली. जिथे तळ पक्का लागला तिथे खांब घेतला असेल, ते म्हणाले, अंतर सारखं यावं म्हणून कच्च्यावर घेतला नसेल. मग त्यांनी विचारलं, बांधला कुणी? उल्कानं सांगितलं की माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. आणि का कोण जाणे, माइस्टर कोनराडची सगळी हकिगतही सांगून टाकली. नापास झाल्याचंही.

मोहनराव हसतील असं तिला वाटलं होतं. ते खांबाजवळ गेले आणि हात टेकून उभे राहिले.

"उल्का, मी एक पूल पाडलाय," ते म्हणाले.

तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, नोकरीला आठ महिने झाले होते. एका खेड्याजवळच्या ओढ्यावर पुलाचं काम चाललेलं. मधल्या खांबाच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं. इंजिनिअरसाहेब जीपमधून आले आणि बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, कातळ लागला का? मोहनराव खड्ड्यात उतरलेच नव्हते. ते म्हणाले, लागला साहेब. तिसऱ्या पावसाळ्यात तो खांब खचला. पुलावर तेव्हा कुणी नव्हतं म्हणून जीव गेला नाही. पण ठपका आला धोंडीराम नावाच्या गवंड्यावर. यानं सिमेंट कमी वापरलं, असं ठरलं. त्याला पुन्हा त्या भागात कुणी कामावर घेतलं नाही. आणि मोहनराव गप्प बसले, ते आजतागायत. बायकोलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"माहीत नाही साहेब, पाणी उपसून बघतो, एवढंच म्हणायचं होतं," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम होतं गं."

मोहनरावांचे डोळे वाहत होते. आजवर तिनं सासऱ्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती नुसती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही दगडावर हात ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता. घरी गेल्यावर तिनं सिद्धेशला आपण नापास झाल्याचं खरं काय ते सांगितलं. बाबांचं तिनं अर्थातच सांगितलं नाही.

जूनअखेर मोहनराव परत गेले आणि सप्टेंबरात उल्काची दुसरी परीक्षा आली. शेवटची. चाळीस पानं तिनं पुन्हा उघडली नव्हती. सगळा उन्हाळा ती बेकरीतून सुटली की गावभर मान वर करून हिंडत होती. या वेळी तिचं जर्मन अडखळत होतं, नामांची लिंगं चुकत होती, पण ती मनोऱ्यापाशी थांबून आधी सगळ्यांना वर बघायला लावत होती. पुलाखाली बेटावर नेऊन तिनं त्यांना कमानी मोजायला लावल्या. माझ्या सासऱ्यांचा असा अंदाज आहे, असं म्हणून खांबांचं सांगितलं, आणि हा फक्त अंदाज आहे, हेही सांगितलं. वहीत लिहिणाऱ्या फ्राऊ हिर्मर लिहायच्या थांबून पाण्याकडे बघत राहिल्या.

परतताना एका गल्लीत मात्र त्यांनी गाठलंच. एका जुन्या मनोऱ्याच्या पाचव्या मजल्यावर एकच खिडकी दगडांनी बुजवलेली होती. ती का बुजवली, असं त्यांनी विचारलं.

उल्कानं ती खिडकी शंभर वेळा पाहिली होती. तिच्या डोक्यात तीन कारणं तयार होती, तिन्ही एकाहून एक सरस. अकरा वर्षांनी हाती आलेलं एवढं एक काम, आणि ते या एका उत्तरावर लटकलेलं. कोरा पेपर देणाऱ्या मुलांना काय वाटत असेल, ते तिला आत्ता कळत होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"आल्झो, म्हणजे बघा," फ्राऊ हिर्मर म्हणाल्या, "मलाही नाही."

मग त्यांनी सांगितलं की वीस वर्षं त्या हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. प्लेग, दरोडेखोर, कोंडून ठेवलेली मुलगी, सगळी कारणं त्यांनी ऐकली आहेत. हे उत्तर त्या दुसऱ्यांदा ऐकत होत्या. एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला, आणि तिथल्या तिथे उल्का गाइड झाली.

तिनं पहिला फोन सांगलीला लावला. खिडकीचं सगळं मोहनरावांनी ऐकून घेतलं. मग ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. साधं अभिनंदनही नाही. उल्काला थोडं लागलं.

आठ दिवसांनी, संध्याकाळची फेरी आटोपून ती पुलावर उभी असताना त्यांचाच फोन आला. ते त्या खेड्यात जाऊन आले होते. धोंडीराम राहिला नव्हता, त्याची बायको होती. अंगणात बसून त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं होतं.

"काय म्हणाल्या त्या?" उल्कानं विचारलं.

"म्हणाली, आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही खड्ड्यात उतरला नव्हता, हे ह्यांनी बघितलं होतं." मोहनरावांचा आवाज नीट येत नव्हता. "मी विचारलं, मग ते बोलले का नाहीत? तर म्हणाली, पोरगं नवं आहे, त्याची नोकरी जाईल म्हणाले."

उल्कानं फोन तसाच कानाशी धरून ठेवला.