स्वल्पविरामाची उलटी शेपटी

आमच्या गंगू आत्याला मी एकदा सुक्या बांगड्यांबरोबर विकायला काढलं होतं.

तेही शुद्धलेखनाच्या प्रेमापोटी! मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, आणि आमच्या तोंडवली गावात विरामचिन्हांची काळजी वाहणारा दुसरा माणूस नाही, याबद्दल माझी खात्री होती. (इतरांची माझ्याबद्दल वेगळी खात्री होती.)

त्या वैशाखात डोलकाठी मोडलेलं एक अरबी गलबत आमच्या किनाऱ्यासमोर येऊन थांबलं. आत्याच्या किनाऱ्यालगतच्या अंगणात बांगड्यांचा ढीग पडून होता आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. पाऊस लागला की सगळा माल समुद्राला परत! बाबल काका बहरीनला आचारी म्हणून राहून आलेला. त्याने एका फळीवर कोळशाने अरबीत लिहिलं: ‘विकणे आहे: नारळ, आमसुलं, सुके बांगडे, गंगू आत्या.’ शेवटचं नाव अर्थातच विकणारीचं.

“झिला, ह्या अक्षरांवर डांबर फिरव. मी खलाशांका घेवन येतंय,” म्हणून काका गेला.

मी पाहतो तर काय, सगळे स्वल्पविराम उलटे! शेपट्या वर! काका आचारी माणूस, त्याला काय कळतंय, म्हणत मी एकूण एक स्वल्पविराम सरळ केला. डांबर दाट, ब्रश नारळाच्या सोडणाचा. त्यामुळे स्वल्पविरामांची डोकी चांगली गरगरीत आली.

काकाबरोबर खलाशांना घेऊन गलबताचा नाखवा आला. त्याने फळी वाचली. पुन्हा वाचली. मग आत्याला नीट न्याहाळलं आणि काकाला काहीतरी विचारलं. काकाची पाठ फळीकडे.

“गंगे, शेवटचो माल कसो आसा विचारता.”

“एकदम कडक!” आत्या म्हणाली. “मीठ भरून उन्हात वाळवलेलो!”

काकाने इमानाने भाषांतर केलं. नाखव्याचे डोळे विस्फारले.

“जुनो तर नाय मां, म्हणता.”

“औंदाचोच आसा! वास येतलो, पण सवय झाली काय कायएक वाटाचा नाय.”

खलाशी तोंडं दाबून हसायला लागले. मी अभिमानाने फळी अजून उंच धरली!

“गलबतावर ठेवचो कसो?”

“आड्याक टांगून ठेव म्हणान सांग. वारो लागाक व्हयो. आणि मांजरांपासून सांभाळ!”

नाखवा मटकन वाळूत बसला. हसताहसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने फळीकडे बोट दाखवलं, मग आत्याकडे. काका वळला. वाचलं. आणि काळवंडला.

“मेल्या, ह्या काय केलंस?”

“शेपट्या सरळ केल्या. तुमच्या उलट्या झाल्या होत्या.”

“अरे गाढवा, अरबीत शेपटी वरच असता! खाली केलंस तर तो ‘वाव’ होता. ‘वाव’ म्हणजे ‘आणि’!”

म्हणजे नारळ आणि आमसुलं आणि सुके बांगडे आणि गंगू आत्या!

आत्याने आपलीच उत्तरं एकेक करून आठवली असावीत. मांजरांपाशी पोचल्यावर ती हातातल्या सुपासकट माझ्या मागे धावली. माडांभोवती आमची शर्यत चालली असताना नाखव्याने बांगड्यांचा अख्खा ढीग उचलायला सांगितला. असला बाजार त्याला उभ्या अरबस्तानात भेटला नव्हता म्हणे!

आत्या धापा टाकत थांबली. ढीग होडीत चढताना पाहून तिचा राग निवळला, पण पुरता नाही.

“बाबल, त्येका सांग, बांगड्यांवर ह्या मॅट्रिकवाल्याक घेवन जा. फुकट!”

काकाने सांगितलं. नाखव्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडून काहीतरी बोलला.

“काय म्हणता?” आत्याने विचारलं.

“म्हणता,” काका म्हणाला, “डोलकाठी आधीच मोडलेली आसा, आणखी नुकसान नको.”